न झालेल्या धुराचा पुरावा

मी एकदा चूल घासून घेतली. नुसती माझी घासली असती तर माझ्यापुरतं नुकसान झालं असतं. पण मी वस्तीतल्या झाडून सगळ्या बायकांना त्यांच्या त्यांच्या चुली घासायला लावल्या, त्याही तपासणी यायच्या आदल्या दिवशी. राख, चिंच आणि नारळाचा काथ्या घेऊन, चुलीच्या पत्र्यात आपलं तोंड दिसेपर्यंत. ज्या काजळीवर आमचं सगळं उभं होतं ती काजळी दुपारपर्यंत मोरीतून वाहून गेली आणि मी कमरेवर हात ठेवून शाबासकीची वाट बघत उभी राहिले.

पाच-सहा वर्षं झाली असतील. साठी अजून यायची होती, म्हणजे तरुणपणाचा माज अंगात होता. साठी बुद्धी नाठी म्हणतात, पण माझी वाट बघत बसली नाही, आधीच निघून गेली. ही गोष्ट मी आता स्वतःच सांगत सुटते, कारण मी नाही सांगितली तर आमचे हे सांगतात आणि त्यांच्या सांगण्यात मी आणखी मूर्ख असते.

आमची वस्ती कोल्हारच्या अलीकडं, कालव्याच्या कडेला. ऊस, मका, चार गाया, असा सगळ्यांचा सारखाच संसार. मी दहावी पास. आमच्या वेळच्या सुनांत तेवढी शिकलेली मी एकटीच, आणि हे विसरायची संधी मी कुणाला दिली नाही. म्हणून बायकांचा बचत गट निघाला तेव्हा अध्यक्ष मी झाले. निवडणूक वगैरे झाली नाही. मी बोलायला लागले आणि बाकीच्या थांबल्या, एवढंच.

तर या गटाकडं एक कंपनीचा माणूस आला. शर्ट खोचलेला, बोलायला गोड. देवळाच्या मंडपात त्यानं पडदा लावला, तेवढ्यात लाइट गेली, म्हणून त्याला सगळं तोंडानं सांगावं लागलं. जगात धूर फार झालाय. मोठमोठे कारखाने धूर करतात, त्यांच्यावर आता बाहेरच्या देशांत कर बसतोय, बंधनं येतायत. मग ते काय करतात, दुसरीकडं कुणीतरी धूर कमी केला तर त्याचा दाखला विकत घेतात. तुम्ही बायकांनी मातीच्या चुली सोडून आमच्या पत्र्याच्या सुधारित चुलीवर स्वयंपाक केला, तर लाकूड निम्मं लागेल, धूर निम्मा होईल. जो निम्मा झाला नाही, तो आम्ही टनावर मोजून विकू. म्हणून चूल तुम्हाला फुकट. शिवाय गटालाही थोडं काही मिळेल.

मंडपात एका म्हातारीनं विचारलं, जो धूर झालाच नाही तो मोजणार कसा, आणि पोत्यात भरणार कसा. तो माणूस तोंड उघडणार, एवढ्यात अध्यक्षांना राहवलं नाही. मी उभी राहिले. म्हटलं, सोपं आहे. समजा मला मटणाची चटक सुटत नाही, पण पापाची भीतीही वाटते. तर शेजारणीनं माझ्या वाटची एकादशी धरायची, पुण्य मला विकायचं, आणि मी मटण खायचं. ती उपाशी, मी तृप्त, आणि देवाच्या हिशेबात दोघी मिळून ठीक. बायकांना लगेच कळलं. कंपनीच्या माणसाचा चेहरा जरा पडला. पण तो म्हणाला, हो, साधारण तसंच.

त्या दिवसापासून मी स्वतःला या विषयातली तज्ज्ञ समजायला लागले.

चुली दोन खेपांत यायच्या होत्या. पहिल्या खेपेत निम्म्या घरांना, आणि त्या चुली खरोखर वापरल्या जातात असं तपासणीत दिसलं तर दुसरी खेप. कुठलं घर पहिल्या खेपेत, हे गटानं ठरवायचं, म्हणजे मी. अध्यक्षांच्या घरी नमुना पाहिजेच, असं म्हणून मी स्वतःला सर्वांत वर घातलं. आणि माझ्या धाकट्या जावेला दुसऱ्या खेपेत टाकलं.

जावेचं आणि माझं भांडण असं कधी झालं नाही. झालं असतं तर बरं झालं असतं. तिचं घर माझ्या घराला लागून, मध्ये एक भिंत. तिच्या पातेल्यांची बुडं काळी असायची आणि माझी लखलखीत, आणि हा फरक लग्न होऊन आल्यापासून मी तिला न बोलता दाखवत आले होते. माझी भांडी मी मुद्दाम तिच्या बाजूच्या कठड्यावर वाळत घालायची. असली मी बाई.

खरं म्हणजे पहिली चूल तिलाच जायला हवी होती. मनमाड रस्त्यावरच्या एका ढाब्याला ती भाकरी पुरवायची. ढाब्यावर मोठी पाटी, 'चुलीवरची भाकरी', आणि मालक पाटीला जागणारा. गॅसवर भाजलेली भाकरी तो वासावरून ओळखायचा आणि परत पाठवायचा. तिची पोरगी नर्सिंगला होती, ती या भाकरीवरच शिकत होती. म्हणून उजाडायच्या आत तिच्या दोन चुली पेटायच्या, आणि उजाडलं की भिंतीपलीकडून तिचा खोकला यायचा. डॉक्टरांनी तिला सरळ सांगितलं होतं, धूर सोडा नाहीतर भाकरी सोडा. भाकरी सोडली असती तर पोरीचं शिक्षण सुटलं असतं.

यादी ऐकून तिनं एवढंच विचारलं, दुसरी खेप कवा येनार. मी सांगितलं, आमची तपासणी पास झाली की. ती म्हणाली, "म्हंजी माझी चूल तुमच्या हातात हाय, आक्का."

मी म्हटलं, मग काळजी कशाला करतेस.

नवी चूल आली आणि चांगली निघाली, हे कबूल केलं पाहिजे. लाकूड कमी लागायचं, धूर वर सरळ जायचा, डोळे चुरचुरायचे नाहीत. पहिल्या खेपेतल्या जवळजवळ सगळ्या बायका तिच्यावर रोज स्वयंपाक करायच्या. हे पुढच्या गोष्टीसाठी लक्षात ठेवा, कारण पुढं यावर कुणी विश्वास ठेवला नाही.

मधल्या काळात माझं ज्ञान घरात उतू जायला लागलं. आमचा मुलगा नगरजवळच्या नागापूरला एका कारखान्यात आहे. त्यांचा माल परदेशी जातो. तो सांगायचा, तिकडं आता माल उतरवताना विचारतात, हा बनवताना धूर किती केला, आणि त्यावर कर लावायचं चाललंय. आपल्याकडंही जो जितका जाळेल त्यानं तितका भरावा, म्हणजे माणूस आपोआप कमी जाळतो. वापरावर कर, असं त्याचं सगळं शास्त्र. मी ते ऐकलं आणि दुसऱ्या दिवशी घरात धूरपट्टी लागू केली. घरपट्टी असते, पाणीपट्टी असते, तशी. चालत जाता येईल एवढ्या अंतराला जो मोटरसायकल काढेल त्यानं बिस्किटाच्या डब्यात दहा रुपये टाकायचे.

नेम आमच्या ह्यांच्यावर होता. फाट्यावर चहाला जायला त्यांना गाडी लागते. मला वाटलं, दहा रुपये म्हटल्यावर गुमान घरात बसतील. त्यांनी सकाळी पन्नासची नोट डब्यात टाकली आणि दिवसातून पाच वेळा फाट्यावर जाऊन आले. आधी दोनदाच जायचे, तेही माझा डोळा चुकवून. आता चोरी संपली. गाडीला किक मारताना माझ्याकडं बघून डब्याकडं बोट दाखवायचे. दहा रुपयांत मी त्यांची लाज विकत घेतली होती, असं माझ्या लक्षात आलं.

मग मी पट्टी वीस केली आणि माणशी दोन फेऱ्या आठवड्याला माफ केल्या, म्हणजे कुणावर अन्याय नको. यावर आमच्या सूनबाईंनी दुकान उघडलं. तिला मोटरसायकल चालवता येत नाही. तिनं आपल्या दोन माफ फेऱ्या सासऱ्यांना निम्म्या दरात विकल्या. मी तिला धरलं. म्हटलं, अगं, तू तशीही कुठं जाणार नव्हतीस. ती शांतपणे म्हणाली, "आई, न जाण्याचेच तर पैसे आहेत ना? आणि मी जाणार नव्हते हे तुम्ही कसं सांगता?"

मी लगेच विषय बदलला.

शेवटी घरातल्यांनी हिशेब मांडला तर गाडीवर सर्वांत जास्त फिरणारी मीच निघाले. देवळात, गटाच्या बैठकीला, कोल्हारला ब्लाउज शिवायला, सगळीकडं मला कुणीतरी मागं बसवून नेत होतं. मी ताबडतोब नियम काढला की मागं बसणारीला पट्टी नाही. त्या संध्याकाळी धूरपट्टी रद्द झाली. डब्यातल्या पैशांची भेळ आली आणि ती आणायला हे गाडीवर गेले.

हसण्यावारी नेलं मी ते. पण सुनेच्या प्रश्नानं माझे डोळे उघडायला हवे होते. जे घडलंच नाही त्याचा पुरावा काय द्यायचा? कंपनी आमचा न झालेला धूर विकणार होती. घेणारा विचारणारच, की बाबा, तो खरंच झाला नाही हे कशावरून? यावर उत्तर एकच होतं, आमच्या नव्या चुलींना बसलेली काजळी आणि आमच्या जुन्या चुलींतली गार राख. हे मला कुणी सांगितलं नाही, हे खरं. पण तज्ज्ञाला सांगावं लागू नये.

फोन आला, सोमवारी तपासणीच्या मॅडम येणार. कंपनीच्या नव्हेत, बाहेरच्या, म्हणजे लबाडी व्हायला नको. झालं. आमच्याकडं मुलगी बघायला पाहुणे येवोत नाहीतर बँकेचा साहेब येवो, घर आधी धुतलं जातं. माझी आई म्हणायची, पाहुण्याला घर कळतं ते चुलीवरून. मी रविवारी सकाळी घरोघर फिरले. चुलीवर एक डाग दिसता कामा नये, असा अध्यक्षांचा हुकूम.

जुन्या मातीच्या चुली पाडायला कंपनीनं सांगितलं होतं, पण चूल कोण पाडणार? सासूच्या हातची चूल, तिला लाथ लावल्यासारखं ते. कोपऱ्यात गुमान असायच्या बिचाऱ्या. मी म्हटलं, नवी चमकली आणि जुनी उघडी पडली, बरं दिसत नाही. तिलाही पोतेरं घाला. मग बायकांनी जुन्या चुली शेणामातीनं सारवल्या, हळदीकुंकू वाहिलं, भोवती रांगोळीची रेघ ओढली. जावेच्या घरी घासायला नवी चूल नव्हतीच. मी तिला माझी घासायला बसवलं. खोकत खोकत तिनं ती अशी घासली की दुकानातून आली तेव्हाही तेवढी चमकत नव्हती. तिला वाटत असणार, ही जितकी लखलखेल तितकी आपली लवकर येईल.

सोमवारी सकाळचा स्वयंपाक मी गॅसवर केला. एवढी घासलेली चूल कोण पेटवेल?

मॅडम म्हणजे पंचविशीतली पोरगी निघाली. पाठीला सॅक, हातात मोठा मोबाईल. तिनं चुलीपुढं गुडघे टेकले, आत बोट घातलं, फिरवलं आणि बाहेर काढून बघितलं. बोट स्वच्छ. मला वाटलं, दिपली. मग तिनं कोपऱ्यातली जुनी चूल बघितली. ओलसर सारवण, ताजं कुंकू. तिचा फोटो काढला.

"आजी, रोजचा स्वयंपाक कशावर करता?"

"हिच्यावरच की."

"आज सकाळी?"

खोटं बोलायची मला सवय नाही, हा माझा आणखी एक माज. मी सांगितलं, आज गॅसवर केला. तिनं मोबाईलवर काहीतरी टिपलं. घरोघर हेच. एका घरी तर त्या माउलीनं चुलीचं मूळचं प्लास्टिक जपून ठेवलं होतं, ते तिनं परत वरून चढवलं होतं, धूळ बसू नये म्हणून. जाताना मी पोरीला विचारलं, कसं काय वाटलं आमच्याकडं. ती म्हणाली, फार स्वच्छ आहे हो आजी. बोलताना तिचा आवाज जरा उतरलेला होता, तो मला उन्हामुळं वाटला. ते 'फार स्वच्छ' मी आठवडाभर वस्तीत मिरवलं.

मग कंपनीच्या माणसाचा फोन आला. नव्या चुली वापरात दिसत नाहीत, जुन्या नियमित चालू दिसतात, असा शेरा होता. दुसरी खेप बंद. मी त्याच्याशी तावातावानं भांडायला लागले. म्हटलं, अहो, इतक्या स्वच्छ ठेवल्या आम्ही, जुन्यांचीसुद्धा पूजा केली. आणि बोलता बोलता माझं मलाच ऐकू आलं. फोन तसाच कानाला धरून मी गोठ्यात जाऊन बसले. गाईनं माझ्याकडं एकदा बघितलं आणि रवंथ चालू ठेवलं.

जावेला सांगायला कुणाला तरी पाठवावं, असं आधी मनात आलं. मग लाज वाटली, मीच गेले. ती दुसऱ्या दिवशीच्या भाकरीचं पीठ चाळत होती. मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं. ती शिव्या देईल, निदान भांडी आपटेल, असं वाटलं होतं. तिनं चाळणी खाली ठेवली, हाताकडं बघितलं आणि म्हणाली, "पर आक्का, तुमची चूल तर मीच घासली की."

म्हणजे ती चूक स्वतःच्या अंगावर घ्यायला निघाली होती. त्या रात्री मला भिंतीपलीकडचा खोकला जास्त ऐकू आला. रोज तेवढाच असणार.

माझं डोकं मूर्खपणात जसं जोरात चालतं, तसं निस्तरण्यातही चालतं. सकाळी मोरीवर काथ्या पडलेला दिसला. काळाकुट्ट. आणि मला साक्षात्कार झाला. मातीच्या चुलीला कुणी काथ्या लावत नाही, ती सारवतात. मग काथ्याला लागलेली ही काजळी कुठली? नव्या चुलीची. पुरावा मोरीतून वाहून गेला होता, पण थोडा काथ्याला चिकटून राहिला होता. मी परत घरोघर फिरले आणि काळे काथे गोळा केले. युरियाची रिकामी गोणी भरली. तोंड सुतळीनं बांधलं, जावेला म्हटलं, चल, आणि आम्ही दोघी नगरच्या एसटीत बसलो.

कंडक्टरनं गोणीत काय आहे विचारलं. मी म्हटलं, पुरावा आहे. त्यानं मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि गोणीचं तिकीट लावलं नाही. राहुरीपर्यंत गोणीतून काळी भुकटी गळत होती. शेजारच्या सीटवरच्या गृहस्थांचं धोतर पांढरं होतं. मी विळदचा घाट येईपर्यंत बाहेर बघत राहिले.

कंपनीचं ऑफिस म्हणजे गार खोली, काचेचं टेबल. तोच शर्ट खोचलेला माणूस. मी गोणीची सुतळी सोडली तसा तो उठून उभा राहिला आणि वर्तमानपत्र पसरलं, पण तोवर दोन काथे काचेवर पडले होते. मी वकिलासारखा मुद्दा मांडला. मातीची चूल सारवतात, पत्र्याची घासतात, ज्याअर्थी काथ्या काळा त्याअर्थी चूल वापरात. तो ऐकत होता. मग त्यानं अगदी हळू विचारलं, "आजी, तुम्ही पातेली कशानं घासता?"

पातेलीही काथ्यानंच घासतात. चुलीवरच्या पातेल्याचं बूड काळं होतं, मग चूल नवी असो नाहीतर जुनी. एवढी साधी गोष्ट मला कोल्हारपासून नगरपर्यंत सुचली नव्हती. मी पदरानं त्याचं काचेचं टेबल पुसायला लागले. काजळी जास्तच पसरली. तो म्हणाला, आजी, राहू द्या. मी राहू दिलं नाही. कडेपर्यंत पुसत गेले.

इतका वेळ दाराशी उभी असलेली जाऊ तेव्हा बोलली. म्हणाली, "सायेब, बघा, आत्ताबी घासाया लागल्या. लगीन हून आले तवापासून मी ह्ये बघती. ह्या मोटरसायकलीचं चाकबी घासत्यात. चूल वापरली न्हाई म्हून ती चकचकीत हाय आसं न्हाई, ह्यांच्या हाताला लागली म्हून हाय." तेवढं बोलून तिला खोकल्याची उबळ आली, आणि ती भिंतीला धरून बराच वेळ खोकत राहिली.

साहेब हसायला लागला होता, तो थांबला. त्यानं तिला पाणी दिलं. मग म्हणाला, काथ्याचा रकाना आमच्या नियमात नाही. पण गटानं अर्ज केला तर एकदा फेरतपासणी मागता येते, न सांगता येणारी. चुलींना कुणी हात लावायचा नाही. हे शेवटचं वाक्य तो माझ्याकडं बघून बोलला.

परतीच्या एसटीत मी जावेला खिडकी दिली. एवढंच जमलं. माफी मागायचे शब्द दहावीपर्यंतच्या पुस्तकांत आले नव्हते.

पुढचे दिवस माझ्यासाठी कठीण गेले. चूल डोळ्यांदेखत काळी होत होती. दूध उतू गेलं ते तसंच करपलं. हे मुद्दाम स्वयंपाकघरात येऊन चुलीकडं बघायचे आणि म्हणायचे, वा, काय पुण्य साठलंय. माझे हात शिवशिवायचे, मग मी जाऊन गाईचे खूर घासून यायची. मातीची चूल मात्र मी नारळ फोडून, नमस्कार करून पाडली. तिची माती मोगऱ्याच्या बुडाशी घातली. काहींनी पाडल्या, काहींचा हात धजला नाही.

ती पोरगी आली ती बरोबर मी डोक्याला कलप लावून ओट्यावर बसले होते तेव्हा. मला उठताही येईना. ती सरळ आत गेली, चुलीत बोट घातलं आणि काळं बोट वर धरून बाहेर आली. आम्ही दोघी एकमेकींकडं बघून हसलो. मी तिला चहा विचारला. ती म्हणाली, चुलीवर करणार असाल तर घेते.

सगळी घरं पास झाली नाहीत. ज्यांनी जुनी चूल ठेवली होती ती अडकली, म्हणून दुसऱ्या खेपेतल्या चुली ठरल्या त्यापेक्षा कमी आल्या. काही बायका अजून माझ्याकडं बघून नाक उडवतात, ते बरोबरच आहे. मधल्या काळात मी अध्यक्षपद सोडलं. मी सोडलं असं मी सांगते. प्रत्यक्षात बैठकीत दुसरी कुणी बोलायला लागली आणि या वेळी मला थांबावं लागलं. नव्या यादीत पहिलं घर जावेचं होतं, आणि ते घालायला माझं मत कुणी विचारलं नाही.

तो आमचा न झालेला धूर कुणी घेतला, कोण जाणे. कुठल्या तरी देशात कुणीतरी त्याच्या जोरावर निवांत आपला धूर काढला असेल. मी मुलाला तसं म्हटलं की तो चिडतो. तो म्हणतो, आई, तसं नसतं, कर वाढत गेला की तेही कमी करतात, हळूहळू करतात. करत असतील. आमच्या ह्यांनी फाट्यावरचा चहा किती कमी केला ते मी बघितलंय, त्यामुळं माझा विश्वास अर्धाच. पण जावेच्या घरातला धूर कमी झाला तो मी स्वतः बघितला, त्याला कुठल्या दाखल्याची गरज लागली नाही. खोकला गेला असं म्हणणार नाही, इतक्या वर्षांचा आहे तो. पण आता सकाळी भिंतीपलीकडून भाकरी थापल्याचा आवाज आधी येतो. ढाब्याच्या मालकानं पहिल्या दिवशी भाकरीचा वास घेतला, पुन्हा घेतला, आणि टोपली गाडीत ठेवली. पोरगी नर्स झाली. मागच्या महिन्यात तिनं माझंच ब्लडप्रेशर बघितलं आणि मला मीठ कमी करायला सांगितलं.

जावेची चूल आल्यावर पहिल्या आठवड्यातच मी बघायला गेले होते. ती तव्यावरची भाकरी उलटत होती. खोलीत डोळे उघडे ठेवून बसता येत होतं. चुलीच्या अंगावर मात्र करपट ओघळ, काळे पट्टे, पिठाचे हात. मी काही बोलले नाही, देवाशपथ. नुसती जरा पुढं वाकले असेन, आणि हात जरा पुढं गेला असेल. तिनं ताटात भाकरी वाढली, माझ्याकडं सरकवली आणि म्हणाली, "आक्का, बसा, गरम हाय तवर खावा. पर हात पदरातच ऱ्हाऊ द्या. ही चूल माझ्या नावावर हाय, आन् मला ती काळीच पायजे."